उलट टपाली : दूरशिक्षणाची कुळकथा

शिकवणारा एका गावी आणि शिकणारा दुसऱ्या गावी असला, की त्या दोघांमध्ये दोन वाटा लागतात : पाठ विद्यार्थ्याकडे नेणारी एक, आणि विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकाकडे आणून ते तपासून परत पोचवणारी दुसरी. दूरशिक्षणाचा इतिहास सांगताना टपाल, नभोवाणी, दूरचित्रवाणी, उपग्रह आणि इंटरनेट अशी साधने ओळीने मांडण्याचा प्रघात आहे. परंतु ही मांडणी बहुतांशी पहिल्या वाटेचीच असते. या पद्धतीचे कूळ शोधायचे तर दुसऱ्या वाटेचा माग काढावा लागतो, कारण तपासलेले उत्तर उलट टपाली हाती आल्याखेरीज शिक्षण आणि नुसते वाचन यांत फरक उरत नाही.

1728 मध्ये बोस्टनच्या वृत्तपत्रात कॅलेब फिलिप्स या लघुलेखन-शिक्षकाने बाहेरगावच्या लोकांना दर आठवड्यास पाठ पाठवण्याची जाहिरात दिली, तिला या कुळाचे आद्यपुरुषत्व अनेकदा दिले जाते; मात्र उत्तरे तपासून देण्याचा उल्लेख त्या जाहिरातीत नाही. दुसरी वाट इंग्लंडमध्ये उघडली ती 1840 मध्ये. तोपर्यंत तेथे पत्राचे शुल्क अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे आणि ते सहसा पत्र घेणाऱ्याला भरावे लागे. त्या वर्षीच्या ‘पेनी पोस्ट’ सुधारणेने अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कोठेही एका पेनीत जाऊ लागले, म्हणजेच अंतर आणि खर्च यांचा संबंध तुटला. बाथ येथील आयझॅक पिटमन यांनी याच सोयीचा लाभ घेतला : त्यांचे विद्यार्थी बायबलमधील उतारे लघुलिपीत उतरवून टपालाने पाठवत आणि दुरुस्त केलेला कागद त्यांच्याकडे परत येई.

विद्यापीठांचा प्रवेश निराळ्या दाराने झाला. 1836 मध्ये स्थापन झालेले लंडन विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवत नसे, तर परीक्षा घेऊन पदवी देत असे, आणि 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ याच नमुन्यावर उभारले गेले. 1858 मध्ये लंडनने बहुतेक परीक्षांसाठी महाविद्यालयातील हजेरीची अट काढून टाकली आणि ‘बहिःस्थ विद्यार्थी’, म्हणजे कोणत्याही महाविद्यालयात न जाता विद्यापीठाच्या परीक्षेस बसणारा विद्यार्थी, हा वर्ग निर्माण झाला. पदवी दूरस्थ झाली, परंतु अध्यापनाची सोय विद्यापीठाने केली नाही. ती पोकळी 1887 मध्ये सुरू झालेल्या युनिव्हर्सिटी करस्पाँडन्स कॉलेजसारख्या खासगी संस्थांनी भरून काढली. भारतात दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू करून परीक्षा आणि टपाली अध्यापन एकाच छत्राखाली आणले.

दोन्ही वाटांचा एकत्रित विचार करून उभे राहिलेले विद्यापीठ म्हणजे ब्रिटनचे ओपन युनिव्हर्सिटी. 1969 मध्ये सनद मिळालेल्या या विद्यापीठाचे अध्यापन जानेवारी 1971 मध्ये सुरू झाले, आणि बीबीसीवरून प्रसारित होणाऱ्या व्याख्यानांमुळे ते जगभर गाजले. तथापि त्याचे खरे सामर्थ्य दूरचित्रवाणीत नव्हते. ते छापील पाठांत आणि स्वाध्यायांच्या व्यवस्थेत होते. विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या घरी प्रयोगसाहित्याची पेटी येई, तीत हातात मावणारे छोटे सूक्ष्मदर्शक यंत्रही असे. स्वाध्याय दोन प्रकारचे असत : एक शिक्षकाने तपासायचा, ज्यावर गुणांबरोबर समासात शेराही लिहिलेला असे; दुसरा संगणकाने तपासायचा, ज्यात पर्यायांपुढे खुणा केलेला छापील तक्ता टपालाने पाठवावा लागे. संगणक दूरशिक्षणात आला तो असा, पाठ घेऊन नव्हे तर उत्तरे मोजण्यासाठी.

महाराष्ट्रात ही परंपरा 1 जुलै 1989 रोजी नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने रुजवली. पहिले कुलगुरू राम ताकवले यांच्या काळात घडलेल्या रचनेत शिक्षकाविना वाचून समजेल अशी पुस्तके, गावोगावची अभ्यासकेंद्रे आणि तेथे शंकानिरसन करणारे ‘समंत्रक’ ही मुख्य अंगे होती. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे बोधवाक्य पहिल्या वाटेचे वर्णन करते. दुसरी वाट समंत्रकाने सांभाळली.

टपालानंतरच्या साधनांनी पाठांचा ओघ वाढवला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे दूरचित्रवाणी-पाठ 1984 पासून देशभर दिसू लागले, पण प्रेक्षकाला प्रश्न विचारता येत नसे. केवळ शिक्षणासाठी 20 सप्टेंबर 2004 रोजी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ या उपग्रहाने दूरच्या वर्गाला स्टुडिओतील शिक्षकाशी बोलता येईल अशी सोय केली. 2011 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणाऱ्या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील अभ्यासक्रम इंटरनेटवर खुला केला, तेव्हा सुमारे 1,60,000 जणांनी नावे नोंदवली आणि तो पूर्ण केला वीस हजारांहून थोड्या अधिकांनी. एवढे स्वाध्याय माणसाने तपासणे अशक्य असल्याने ते काम यंत्राकडे गेले; निकाल क्षणात मिळू लागला, पण समासातील शेरा नाहीसा झाला.

अलीकडची मजकूर रचणारी संगणकप्रणाली तो शेराही लिहू शकते. परंतु तीच प्रणाली विद्यार्थ्याचे उत्तरही लिहू शकत असल्याने, परत आलेला स्वाध्याय कोणाच्या हातचा, हा प्रश्न पूर्वीपेक्षा कठीण झाला आहे. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाची गुणपद्धती या संदर्भात बोलकी आहे. त्याची व्याख्याने मोफत पाहता येतात आणि साप्ताहिक स्वाध्याय संगणकावर सोडवले जातात, परंतु त्या स्वाध्यायांना प्रमाणपत्रासाठी 25 टक्केच वजन आहे. उरलेले 75 टक्के गुण अंतिम परीक्षेचे असतात, आणि त्या परीक्षेसाठी विद्यार्थ्याला ओळखपत्र घेऊन, 1858 च्या लंडनच्या बहिःस्थ विद्यार्थ्याप्रमाणेच, परीक्षाकेंद्रावर जावे लागते.