पूर्वज नसलेली भाषा : मॉरिशसमधील क्रिओल आणि तिचे साहित्य

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाला मूळ रहिवासी असे नाहीत. तेथे जो आला तो समुद्रमार्गे, आणि बहुतेक जण स्वतःच्या इच्छेविरुद्ध. 1638 मध्ये वसलेली डच वसाहत 1710 मध्ये उठली. 1715 मध्ये फ्रेंचांनी बेटाचा ताबा घेतला आणि मादागास्कर, मोझांबिक व पूर्व आफ्रिकेचा किनारा येथून गुलाम आणले. त्यांत काही दक्षिण भारतीयही होते. एकमेकांची भाषा न समजणाऱ्या या गुलामांना आणि नाना प्रांतांची फ्रेंच बोलणाऱ्या त्यांच्या मालकांना जोडणारी जी बोली अठराव्या शतकात मळ्यांतून घडली, ती मॉरिशसची क्रिओल होय.

ही मोडकी फ्रेंच आहे, असा समज दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः तिचे व्याकरण स्वतंत्र आहे. क्रियापदाचे रूप काळानुसार बदलत नाही; ‘ती’, ‘पे’, ‘पू’ असे लघुशब्द त्याच्या आधी येऊन भूत, चालू आणि भविष्य सूचित करतात. फ्रेंचमधील उपपदे नामांना कायमची चिकटली आणि पाण्यासाठी ‘दिलो’, घरासाठी ‘लाकाझ’ असे शब्द तयार झाले. पुढे चटणीची ‘सातिनी’ झाली. उच्चार बदलला, तरी ताटातली जागा तीच राहिली.

या भाषेत प्रथम लिहिले ते मात्र तिच्या निर्मात्यांनी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रांस्वा क्रेत्यँ या गौरवर्णीय लेखकाने फ्रेंच बोधकथा क्रिओल पद्यात आणल्या आणि गुलामांच्या ‘बोब्र’ या तंतुवाद्याचे नाव आपल्या पुस्तकाला दिले. 1880 मध्ये शार्ल बेसाक यांनी या भाषेचा पहिला विस्तृत अभ्यास सिद्ध केला आणि 1888 मध्ये तिच्या लोककथा व कोडी संगृहीत केली. बेसाक यांचे ऋण मोठे आहे. तथापि त्यांच्या दृष्टीत कौतुक आहे तसा मालकाचा मिस्किलपणाही आहे. बोलणारा त्यांना गमतीदार वाटतो, विचार करणारा वाटत नाही.

1810 मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले, परंतु फ्रेंच रहिवाशांची भाषा, कायदे व चालीरीती राखण्याचे वचन दिले. 1835 मध्ये गुलामगिरी संपुष्टात आली, आणि तत्पूर्वीच गिरमिटियांची जहाजे येऊ लागली होती. पुढील काही दशकांत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर तेथे उतरले. कलकत्त्याहून भोजपुरी, मद्रासहून तमिळ व तेलुगू, आणि मुंबईहून मराठी भाषक आले. मुक्त झालेल्या गुलामांची बोली उसाच्या शेतांत या मजुरांचीही व्यवहारभाषा बनली. आज तेथील मराठी कुटुंबे गणेश चतुर्थी साजरी करतात, आरत्या मराठीत म्हणतात. पण आरतीनंतरच्या गप्पा बहुधा क्रिओलमध्येच रंगतात. 2022 च्या जनगणनेत सुमारे 90 टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून तिचे नाव नोंदवले.

सर्वांची असूनही ती कोणाची मानावी, हा प्रश्न येथूनच सुरू होतो. मॉरिशसमध्ये अस्मिता पूर्वजांच्या भाषेने मोजली जाते. हिंदी, तमिळ, उर्दू, मराठी या शाळेत शिकवल्या जातात त्या पूर्वजांच्या भाषा म्हणूनच. क्रिओल जेथे जन्मली त्या बेटापलीकडे तिला मायभूमी नाही. शिवाय ‘क्रिओल’ हा शब्द तेथे आफ्रिकी व मादागास्करी वंशाच्या समाजाचेही नाव आहे, आणि राज्यघटनेने तर त्या समाजाला स्वतंत्र नाव न देता ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या शिल्लक वर्गात टाकले आहे.

हा पेच साहित्यातून सोडवू पाहणारा प्रमुख लेखक म्हणजे देव विरासामी (1942–2023). तेलुगू वंशाच्या या लेखकाने एडिनबरो येथे भाषाशास्त्राचा अभ्यास केला आणि 1968 च्या स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच क्रिओलला राष्ट्रभाषा मानावे, असा आग्रह धरला. तिला त्याने ‘मोरिस्यें’ म्हटले. जातिवाचक नावाऐवजी देशवाचक नाव! सत्तरच्या दशकारंभी राजकीय कारणांनी तुरुंगात असताना त्याने ‘ली’ हे नाटक लिहिले. ‘ली’ म्हणजे तो किंवा ती. या भाषेच्या सर्वनामाला लिंग नसते. नाटकाच्या प्रयोगाला देशात परवानगी नाकारण्यात आली. 1981 मध्ये त्याला फ्रान्समधील नभोवाणीचा पुरस्कार मिळाला.

1991 मधील ‘तुफान’ हे त्याचे नाटक शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ची पुनर्रचना आहे. शीर्षकाचा शब्द फ्रेंच नाही. भारतीय मजुरांबरोबर आलेला तो शब्द मराठी वाचकालाही परका वाटणार नाही. प्रॉस्पेरो येथे संगणकाच्या साहाय्याने वादळ उठवतो. कॅलिबन राक्षस नसून संमिश्र वंशाचा बुद्धिमान तंत्रज्ञ आहे, आणि प्रॉस्पेरोची कन्या राजपुत्राला डावलून त्यालाच वरते. मार्टिनिकचे एमे सेझेर यांनी 1969 मध्ये याच नाटकावर लिहिताना कॅलिबनला बंडखोर बनवले होते, पण त्याच्या तोंडी फ्रेंच होती. 1989 मधील कॅरिबियन लेखकांचा क्रिओलत्वाचा प्रसिद्ध जाहीरनामाही फ्रेंचमध्येच आहे. विरासामीचा कॅलिबन मालकाच्या भाषेत बंड करत नाही, कारण रंगमंचावर मालकही त्याचीच भाषा बोलतो. ‘तुफान’चे खरे धाडस कथानकातील बदलापेक्षा या साध्या गोष्टीत आहे.

इतिहास मात्र भाषांनुसार विभागलेलाच राहिला. गिरमिटियांची वेदना अभिमन्यु अनत यांनी ‘लाल पसीना’ (1977) या हिंदी कादंबरीत मांडली. खल तोराबुली यांनी 1992 मध्ये ‘कूलीत्यूद’ ही संकल्पना फ्रेंच कवितेतून पुढे आणली. गुलामांचा इतिहास प्रामुख्याने सेगा गीतांत राहिला. सेगाला रेगेची जोड देणारा गायक काया याचा फेब्रुवारी 1999 मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि देशभर दंगली उसळल्या. त्या दिवसांवर कार्ल द सूझा यांनी कादंबरी लिहिली, तीही फ्रेंचमध्ये.

राजकारणाने भाषेला कधी जवळ केले, कधी दूर लोटले. 1983 च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत क्रिओलमध्ये प्रक्षेपित झाले, तेव्हा मोठे वादळ उठले आणि त्याच महिन्यात सत्ताधारी आघाडी फुटली. फुटीची कारणे अनेक होती. भाषा त्यांतले एक. प्रमाणलेखनाचा प्रस्ताव 2004 मध्ये आला, अर्नो कारपूराँ यांचा एकभाषी कोश 2009 मध्ये, आणि 2012 मध्ये क्रिओल प्राथमिक शाळेत दाखल झाली. तेथे तिला स्थान मिळाले ते ऐच्छिक विषयाचे, आणि तेही पूर्वजांच्या भाषांच्याच तासाला. परिणामी मराठी घरातील मुलाने मराठी निवडली, तर जी भाषा ते मैदानात दिवसभर बोलते ती त्या तासाला दुसऱ्यांची ठरते. उलट आफ्रिकी वंशाच्या अनेकांना हीच आपल्या पूर्वजांची भाषा म्हणून मान्य झाल्याचे समाधान वाटले, आणि ते अनाठायी नव्हते. विरासामीने ‘क्रिओल’ हा शब्द गाळून ‘मोरिस्यें’ एवढेच नाव सुचवले होते. शाळेतील विषयाचे नाव ‘क्रेओल मोरिस्यें’ असे आहे.