मिरामिशी नदीतील डीडीटी व सॅमन मासे (१९५४) : एक ऐतिहासिक अभ्यास

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतात सूचिपर्णी वृक्षांवरील अळ्यांच्या नियंत्रणासाठी जून १९५४ मध्ये विमानातून एकरी अर्धा पौंड डीडीटी फवारण्यात आले. परिणामी वायव्य मिरामिशी नदीत सॅमन माशांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मृत्युमुखी पडली. त्यांचे खाद्य असलेले जलकीटकही नष्ट झाले. कॅनडाच्या मत्स्य संशोधन मंडळाने १९५० पासून येथील सॅमनच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्यामुळेच फवारणीपूर्व व फवारणीनंतरच्या संख्येची तुलना शक्य झाली. रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ (१९६२) या ग्रंथात या घटनेची सविस्तर दखल घेतली. कीटकनाशकाची विषाक्तता प्रयोगशाळेत मोजता येते. मात्र नदीची हानी सिद्ध करण्यासाठी तिच्या पूर्वस्थितीची नोंद आवश्यक ठरते, हे यावरून स्पष्ट होते.