‘शॅल’ आणि ‘विल’: एका नियमाची झडती

‘आय’ आणि ‘वी’पुढे ‘शॅल’, बाकीच्यांपुढे ‘विल’; निश्चय किंवा हुकूम असेल तर नेमके उलट. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणावर वाढलेल्या पिढ्यांना हा नियम तोंडपाठ आहे. तो मोडणाऱ्याचे इंग्रजी कच्चे, असेही बजावले जाते. हे मत टिकणारे नाही.

नियम मांडला जॉन वॉलिस यांनी. अनंताचे चिन्ह गणितात आणणारे हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. १६५३ साली परकीयांच्या सोयीसाठी त्यांनी लॅटिनमधून इंग्रजीचे व्याकरण लिहिले, त्यात ही वाटणी आली. मुळात ‘शॅल’चा अर्थ देणे लागणे, ‘विल’चा इच्छिणे, त्यात पुरुषभेदाचा संबंध नाही. नियमाचे कैवारी फाउलर बंधू यांनीही १९०६ मध्ये कबूल केले की दक्षिण इंग्लंडबाहेरच्यांना तो साधणे जवळजवळ अशक्य. मग स्कॉटिश, आयरिश आणि अमेरिकन लोकांचे इंग्रजी अशुद्धच म्हणायचे काय?

यावर समर्थक एक जुनी गोष्ट सांगतात. बुडणारा आयरिश माणूस ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी’ असे ओरडतो आणि त्याला मरायचेच आहे असे समजून काठावरचे लोक हलत नाहीत. पण असा काठ कुठे आहे? ऐकणारा उडीच घेईल, कारण अर्थ प्रसंग सांगतो. मराठीतले ‘मी येईन’ भाकीत की वचन, हेही आपण प्रसंगावरूनच ओळखतो.

कायद्यात तरी ‘शॅल’ म्हणजे सक्ती ना? तेही सरसकट खरे नाही. संविधानाच्या ३२० व्या अनुच्छेदात लोकसेवा आयोगाचा विचार घेण्याबाबत ‘शॅल’च आहे. तरी मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद अनिवार्य मानली नाही. आयोगाचा सल्ला सरकारवर बंधनकारक नाही आणि विचार न घेतल्यास काय व्हावे हेही तिथे सांगितलेले नाही, हे न्यायालयाने पाहिले. क्रियापद एकटे पुरले नाही.

फरक नाहीच, असे मात्र नव्हे. ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे ‘खिडकी उघडू का?’, तिथे ‘विल’ चालत नाही. वर्गात शिकवायचा तो हा जिवंत भेद. पुरुषानुसार वाटणीला व्याकरणाच्या इतिहासात जागा द्यावी. तिच्यासाठी मुलांचे गुण कापू नयेत.