गुराखी आणि कायदा

आंबी आणि मोसी या नद्यांनी मुठेला मिळावे, त्यांच्या पाण्यावर पुणे शहराने वाढावे, आणि ज्या डोंगरांतून ते पाणी येते तेथील पोरांनी मात्र गुरांमागे हिंडत अक्षरओळखीवाचून मोठे व्हावे, हा पानशेतच्या खोऱ्याचा दीर्घकाळचा शिरस्ता होता. मृग बरसला, खाचरांत भाताची लावणी लागली, की घरातील धडधाकट माणसे चिखलात उतरत. आठ-दहा वर्षांचा मुलगा घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन, गुरे उभ्या पिकात शिरू नयेत म्हणून दिवसभर माळावर पहारा करी, आणि त्याची बहीण बांधावर तान्ह्या भावंडाला खेळवीत बसे. या श्रमाला मजुरी नव्हती. म्हणून त्याची नोंदही कोणत्या दफ्तरात नव्हती.

हे वास्तव सरकारदरबारी मांडले ते जोतीराव फुल्यांनी. याच खोऱ्याच्या तोंडाशी बांधल्या गेलेल्या खडकवासला धरणाच्या कामात ठेकेदारी केलेल्या या पुरुषाने 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन केले की, दारिद्र्यामुळे शेतकऱ्याला गुरे राखण्यास आणि शेत सांभाळण्यास आपली मुले लागतात. सबब नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या आणि बक्षिसेही दिली पाहिजेत, आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले पाहिजे. या निवेदनामागे तारुण्यातील कृती उभी होती. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढताना ते एकवीस वर्षांचे आणि सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या; पुढे 1855 मध्ये ज्यांचा दिवस कामात जातो अशा शेतकरी-मजुरांसाठी या दांपत्याने रात्रीची शाळा चालविली.

कायदा मात्र प्रथम कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. 1881 च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मोठ्या कारखान्यांत मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपर्यंत काम घेण्यास मुभा ठेवली! कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून अर्ज केले. 1891 च्या कायद्याने किमान वय नऊ केले, तर 1922 च्या कायद्याने ते बारावर नेले. दरम्यान गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक 1912 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नामंजूर झाले होते. 1938 च्या कायद्याने विडी वळण्यासारख्या धंद्यांतील कार्यशाळांत बारा वर्षांखालील मुलांना मनाई केली, परंतु मालक घरच्या माणसांच्या मदतीने काम करीत असेल तर सूट दिली. ही कुटुंबाची पळवाट 1986 च्या कायद्यातही राहिली, आणि 2016 च्या दुरुस्तीनेही शाळेची वेळ सोडून घरच्या बिनधोक्याच्या धंद्यात मदत करण्यास मोकळीक ठेवली. सारांश, गिरणीतील पोर कायद्याच्या दृष्टीस पडले. माळावरचे गुराखी पोर घरचेच, म्हणून ते सुटले.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग पुन्हा शिकविणाऱ्यांनी आणि शिकत्या तरुणांनीच दाखविला. 1988 साली मुंबईत समाजकार्याच्या अध्यापिका रजनी परांजपे आणि त्यांची विद्यार्थिनी बीना शेठ लष्करी यांनी शाळाच मुलांच्या दाराशी नेण्याचा उपक्रम आरंभिला; पुढे तो पुण्यात येऊन इमारतींच्या बांधकामावरील मजुरांच्या मुलांपर्यंत पोहोचला. 1996 मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जेरू बिलिमोरिया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी संकटातील बालकांसाठी दूरध्वनिसेवा उभी केली. तिचा क्रमांक 1098. दाराशी गेलेल्या शाळेने मुलाला आपल्याकडे खेचण्याआधी स्वतःलाच मुलाच्या वेळेशी आणि जागेशी जुळवून घेतले. फुल्यांची रात्रशाळा हेच करीत होती, आणि माझ्या मते दीडशे वर्षांच्या या इतिहासाचा बोध एवढाच आहे की, वयाची अट घालणारे कलम आवश्यक असले, तरी मुलाच्या श्रमावाचून घर चालावे अशी तजवीज झाल्याखेरीज ते कलम कागदावरच राहते.

आज सुटीच्या दिवशी पुण्याचे शेकडो तरुण पानशेतच्या काठी येतात. त्यांना माझे सांगणे इतकेच की, वाटेतील एखाद्या हॉटेलात शाळेच्या वयाचे पोर चहाचे कप उचलताना दिसले, तर त्याच्या हातावर बक्षिसी ठेवून मोकळे होऊ नका. 1098 या क्रमांकावर कळवा, आणि ते पोर शाळेच्या हजेरीपटावर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.