सुरतेची फूट आणि लखनौचा समेट : राजकीय ध्रुवीकरण व तडजोडवृत्तीचा एक ऐतिहासिक अभ्यास (१८९५ ते १९१६)

प्रस्तावना :

लोकशाही राजकारणात मतभेद अपरिहार्य असतात. मतभेद असूनही एकत्र बसून निर्णय घेण्याची तयारी संपुष्टात येते, तेव्हा त्यास ध्रुवीकरण म्हटले जाते. आजच्या राजकारणाची चर्चा करताना पूर्वीच्या पिढ्यांमध्ये सामंजस्य होते आणि ते अलीकडे लोपले, असे सर्रास गृहीत धरले जाते. महाराष्ट्राच्या इतिहासाकडे पाहता हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. १९०७ साली सुरत येथे राष्ट्रीय सभेत पडलेली फूट व १९१६ साली लखनौ येथे झालेला समेट यांमधील नऊ वर्षांचा कालखंड या दृष्टीने उद्बोधक आहे. या दोन्ही घटनांच्या केंद्रस्थानी पुण्यातील नेतृत्व होते. तडजोडीची वृत्ती कशी नष्ट होते व ती पुन्हा कशी निर्माण होऊ शकते, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

पुण्यातील दुहीची पार्श्वभूमी :

लोकमान्य टिळक, गोपाळ गणेश आगरकर व गोपाळ कृष्ण गोखले हे तिघेही १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे सहकारी होते. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय सुधारणा आधी, या प्रश्नावर टिळक व आगरकर यांच्यात मतभेद वाढले. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ सुरू केले, तर १८९० मध्ये टिळक सोसायटीतून बाहेर पडले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने हा वाद घराघरांत पोहोचविला. मतभेद वैचारिक होते, परंतु त्यांची भाषा उत्तरोत्तर व्यक्तिगत होत गेली.

१८९५ हे वर्ष या संदर्भात निर्णायक ठरले. १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेवर टिळकपक्षाने बहुमताने ताबा मिळविला. त्याच वर्षी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन पुण्यास भरणार होते. राष्ट्रीय सभेच्या मंडपातच सामाजिक परिषद भरविण्याची प्रथा होती. तिला टिळकपक्षाने तीव्र विरोध केला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी हट्ट न धरता सामाजिक परिषद अन्यत्र भरविण्याचे मान्य केले व अधिवेशन सुरळीत पार पडले. रानडे यांनी परिषद सोडली नाही, फक्त मंडप सोडला. तत्त्व आणि साधन यांत असा विवेक करणे हे तडजोडीचे मूलभूत लक्षण होय. तथापि १८९६ मध्ये रानडे व गोखले यांनी डेक्कन सभेची स्थापना केली आणि एकाच शहरात दोन सभा, दोन वृत्तपत्रीय गट व दोन निष्ठा उभ्या राहिल्या. १९०१ मध्ये रानडे यांचे निधन झाल्यावर दोन्ही बाजूंना आवरणारा ज्येष्ठ उरला नाही.

कलकत्ता, १९०६ : संदिग्धतेतून साधलेला समतोल :

१९०५ च्या वंगभंगाने देशभर प्रक्षोभ निर्माण केला. १९०६ च्या कलकत्ता अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी राष्ट्रीय पक्षाकडून टिळकांचे नाव पुढे येताच नेमस्तांनी इंग्लंडहून दादाभाई नौरोजी यांना पाचारण केले. ८१ वर्षांच्या दादाभाईंना विरोध करणे कोणासही शक्य नव्हते. या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव संमत झाले. स्वराज्याचा अर्थ साम्राज्यांतर्गत स्वायत्त वसाहतींप्रमाणे राज्यकारभार असा होता. बहिष्काराच्या ठरावाची शब्दयोजना मात्र हेतुतः सैल होती. बंगालपुरती ती चळवळ न्याय्य आहे, असा अर्थ नेमस्त लावीत, तर ती सर्व प्रांतांस लागू आहे, असे बिपिनचंद्र पाल यांचे प्रतिपादन होते. प्रत्येक पक्षास आपला अर्थ घरी नेता आला. अशी संदिग्धता वेळ मिळवून देते, परंतु मिळालेल्या वेळेत परस्परविश्वास वाढला नाही तर तीच पुढील कलहाचे कारण बनते. १९०७ मध्ये नेमके हेच घडले.

सुरत, १९०७ :

१९०७ चे अधिवेशन नागपूर येथे व्हावयाचे होते. तेथील स्वागत समितीत तंटा झाल्याने ते नेमस्तांचे प्राबल्य असलेल्या सुरतेस हलविण्यात आले. हद्दपारीतून सुटून आलेल्या लाला लजपतराय यांना अध्यक्ष करावे, अशी राष्ट्रीय पक्षाची मागणी होती. स्वतः लालाजींनी नकार दिला व डॉ. रासबिहारी घोष यांची निवड कायम राहिली. कलकत्त्याचे चार ठराव पातळ केले जाणार, अशी वदंता पसरली. ठरावांचे मसुदे प्रतिनिधींच्या हाती वेळेवर पडले नाहीत. छपाईस विलंब झाला, ठराव गाळण्याचा हेतू नव्हता, असा खुलासा गोखले यांनी पुढे केला, परंतु तोवर संशय पक्का झाला होता.

२६ डिसेंबर रोजी सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे भाषण गोंगाटात बुडाले. २७ डिसेंबर रोजी टिळक आपली सूचना मांडण्यासाठी व्यासपीठावर गेले असता त्यांना परवानगी नाकारण्यात आली. ते जागचे हलले नाहीत. इतक्यात एक जोडा व्यासपीठावर भिरकावला गेला. तो सुरेंद्रनाथ व सर फिरोजशहा मेहता यांना लागला. खुर्च्या व काठ्या चालल्या आणि पोलिसांनी मंडप रिकामा केला. प्रत्यक्षदर्शी इंग्रज पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी एक प्रसंग नोंदविला आहे. टिळकांच्या अंगावर लोक धावून येत असताना त्यांच्या बचावासाठी दोन्ही हात पसरून गोखलेच उभे राहिले होते. दोन नेत्यांतील माणुसकीचा धागा तुटला नव्हता, परंतु त्यांच्या पक्षांना एकत्र ठेवणारी व्यवस्था कोसळली होती.

यातील महत्त्वाची बाब अशी की, ध्येयाविषयीचे अंतर त्या दिवशी तितके मोठे नव्हते. वाद स्थळ, अध्यक्ष व मसुदा या कार्यपद्धतीच्या प्रश्नांवर पेटला. फुटीनंतरही घोष यांच्या निवडीस असलेला विरोध सोडण्याची तयारी टिळकांनी लेखी दर्शविली होती. मात्र नेमस्तांनी स्वतंत्र परिषद भरविली व १९०८ मध्ये अलाहाबाद येथे घटना तयार करून सभेचे ध्येय लेखी मान्य करणाऱ्यांनाच प्रवेश ठेवला. दोष एकाच पक्षाचा होता, असे म्हणता येत नाही. सभा मोडण्याची सूचना टिळकांना न विचारता आपण दिली, असे अरविंद घोष यांनी पुढे लिहून ठेवले आहे. दोन्ही बाजूंच्या कडव्या अनुयायांनी नेत्यांचे हात बांधले होते.

फुटीचे परिणाम :

फुटीचा लाभ सरकारला झाला. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली व जुलैमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला, पण दुभंगलेली राष्ट्रीय सभा त्या शक्तीला दिशा देऊ शकली नाही. सवलती देऊन नेमस्तांना जवळ करणे व दडपशाहीने जहालांना वेगळे पाडणे हे सरकारी धोरण सुकर झाले. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मात्र नेमस्तांच्या पदरीही फारसे काही पडले नाही आणि विभक्त मतदारसंघांचे तत्त्व रुजले.

समेटाची वाटचाल :

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून परतले. ॲनी बेझंट यांनी मध्यस्थी केली, परंतु जुना अविश्वास पुन्हा आडवा आला आणि तो प्रयत्न फसला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले यांचे निधन झाले. सिंहगडावर असलेले टिळक अंत्यसंस्कारास आले व त्यांनी आपल्या प्रतिस्पर्ध्याचा मुक्तकंठाने गौरव केला. नोव्हेंबरमध्ये फिरोजशहाही निवर्तले. पिढी बदलल्यामुळे समेट झाला, असे म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. त्याहून महत्त्वाची ठरली ती १९१५ च्या मुंबई अधिवेशनातील घटनादुरुस्ती. वैध मार्गाने साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे ध्येय मानणाऱ्या, दोन वर्षे जुन्या संस्थांना सभा बोलावून प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार मिळाला. कोणासही माफी मागावी न लागता परत येता येईल, असे दार उघडले गेले.

डिसेंबर १९१६ मध्ये अंबिकाचरण मजुमदार यांच्या अध्यक्षतेखाली लखनौ येथे दोन्ही पक्ष एकत्र आले. त्याच वेळी मुस्लिम लीगशी करार झाला. मुंबई इलाख्यात निर्वाचित हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश, बंगालमध्ये ४० टक्के, तर पंजाबात निम्म्या जागा मुस्लिमांना देण्याचे ठरले. एखाद्या समाजाच्या तीन चतुर्थांश सभासदांनी विरोध केल्यास त्या समाजाशी संबंधित विधेयक पुढे नेऊ नये, असे कलमही त्यात होते. स्वपक्षीयांचा रोष पत्करून टिळकांनी या कराराचा पुरस्कार केला. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. तिच्यामागे महायुद्धाची परिस्थिती होती, तसेच ही एकजूटही होती.

या समेटाच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. विभक्त मतदारसंघांना त्याने मान्यता दिली व त्याचे दूरगामी परिणाम झाले. अस्पृश्य व ब्राह्मणेतर समाजाला या वाटाघाटीत स्थान नव्हते. त्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न १९३२ च्या पुणे करारापर्यंत तसाच धुमसत राहिला. जे बैठकीस नसतात, त्यांच्या वाट्याला तडजोडीची किंमत येते, हाही या इतिहासाचा धडा आहे.

समारोप :

सुरत ते लखनौ या प्रवासावरून तीन निष्कर्ष निघतात. ध्रुवीकरण प्रथम कार्यपद्धतीवरील विश्वासाला ग्रासते. समेटासाठी प्रतिपक्षाचा मान राखून परतीचा मार्ग ठेवावा लागतो. तसेच टिकाऊ तडजोड उघड, लेखी व धोरणविषयक असते. हा शेवटचा निकष वर्तमानालाही लागू पडतो. डिसेंबर २०२५ च्या अंबरनाथ नगरपरिषद निवडणुकीनंतर, जानेवारी २०२६ मध्ये राज्यात परस्परविरोधी असलेल्या भाजप व काँग्रेसच्या नगरसेवकांनी स्थानिक आघाडी केली. काँग्रेसने आपल्या नगरसेवकांना निलंबित केले व ते भाजपमध्ये दाखल झाले. अशा घडामोडींमुळे आज पक्षांतील भिंती अभेद्य आहेत, असे म्हणता येत नाही. प्रश्न वेगळाच आहे. संख्याबळाची जुळवाजुळव रात्रीतून होऊ शकते. कोणत्या प्रश्नावर कोणी काय सोडले व नागरिकांना त्यातून काय मिळाले, हे जाहीरपणे सांगता आले, तरच तिला तडजोड म्हणता येईल. मंडप सोडून परिषद राखणाऱ्या रानडे यांच्याकडे या प्रश्नाचे उत्तर होते.