माटोळी, पालवेल्ली आणि गॅलरीतील टोपली

रोमन कायद्यात एक मोठा मौजेचा नियम आहे. ज्या वाटेने लोकांची ये-जा असते, तिच्यावर आलेल्या सज्जावर किंवा वळचणीला, पडली तर कोणास इजा करील अशी वस्तू कोणी ठेवली अथवा टांगली, तर प्रत्यक्ष काही पडण्यापूर्वीच त्याला दहा सुवर्णनाण्यांचा दंड सांगितला आहे. जस्टिनियन बादशहाच्या इ. स. ५३३ मधील ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात हा नियम आलेला आहे. विद्यार्थिदशेत तो वाचला तेव्हा हसू आले होते. पुढे हैदराबादेतील आमच्या इमारतीच्या सभेत, गॅलरीच्या कठड्याबाहेर फुलांच्या टोपल्या टांगू नयेत असा ठराव आला, तेव्हा मात्र त्याचे समर्थन करण्यास मीच उभा राहिलो. पाणी प्यालेल्या मातीचे वजन किती होते, हे ज्याने एकदा हाताने तोलून पाहिले आहे त्याला रोमन न्यायशास्त्र्यांची काळजी चटकन समजते.

परंतु घरी परतताना मन स्वस्थ नव्हते. डोक्यावर टांगलेल्या वस्तूकडे कायदा भयाच्या दृष्टीने पाहतो. आपली परंपरा मात्र तीच वस्तू देवाच्या मस्तकावर, छत्र म्हणून, मोठ्या प्रेमाने बांधते. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींचा मेळ घालावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘टांगती बाग’ म्हटले की प्रथम बॅबिलोनचे नाव ओठांवर येते. ग्रीक लेखकांनी तिचे वर्णन केले. पण तिचा निर्विवाद म्हणावा असा अवशेष संशोधकांच्या हाती अद्याप आलेला नाही. मुंबईच्या मलबार हिलवरील १८८१ सालचे हँगिंग गार्डन तर आपण सर्वांनी पाहिलेले आहे. तेथे झाडे जमिनीत आहेत आणि ती जमीन जलाशयाच्या छतावर आहे. टांगलेले असे काहीच नाही. तारेच्या टोपलीला शेवाळाचे अस्तर लावून तीत फुलझाडे लावण्याची रीत एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात लोकप्रिय झाली, आणि बंगल्यांच्या व्हरांड्यांतून ती आपल्याही परिचयाची झाली. मात्र खरी टांगती बाग आपल्या कोकणी घरात त्याहून निराळ्या रूपाने नांदत आलेली आहे. तिचे नाव माटोळी.

गोव्यात भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर, छताला लाकडी चौकट टांगतात. कोकणीत मांडवाला माटव म्हणतात. माटोळी हे त्याचेच लडिवाळ, लहानसे रूप. सिंधुदुर्गाकडे तिला माटवी म्हणतात. या चौकटीला नारळ, पोफळीचे शिंपुट, मावळिंग, तोरंजन, निरफणस, आंबाडे, चिबूड आणि दोडकी तर बांधतातच. पण तिचे वैभव खऱ्या अर्थाने रानातून येते. मालकांगोणीचे पिवळे घोस, कवंडळाची तांबडी फळे, करमळाची जड फळे, कळलावीची अग्निज्वालेसारखी फुले आणि तेरड्याचे झुबके हे सारे कुंभ्याच्या सालीच्या दोरांनी एकेक करून बांधले जाते. आदल्या दिवशी घरातील वडीलधारा पुरुष मुलांना घेऊन रानात जातो. कोणती वेल कोणत्या उतारावर सापडते, कोणते फळ खाण्याचे आणि कोणते केवळ पाहण्याचे, हे त्या एका दिवसात मुलाला कळते. वनस्पतिशास्त्राची ही एक घरगुती पाठशाळाच होय. आज गोव्यात माटोळीचे बाजार भरतात, शासनाच्या कला आणि संस्कृती संचालनालयाकडून माटोळीच्या स्पर्धाही होतात. पण पाठ मात्र रानातलाच.

गोव्याच्या इतिहासात वनस्पतींवर हुकूम सुटलेला आहे, हे या ठिकाणी स्मरले पाहिजे. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने, मुख्यतः धर्मांतरित रयतेला उद्देशून, एक जाहीरनामा काढला. लग्नप्रसंगी फुले, पाने, सुपारी देण्याघेण्याच्या जुन्या चालींवर त्याने बंदी घातली, आणि घर, परसू, बाग किंवा अन्यत्र कोठेही तुळस असेल तर ती उपटून टाकावी असे फर्माविले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या ग्रंथात या जाहीरनाम्याचा परिचय घडतो. वकिलाच्या नजरेने तो वाचताना माझे लक्ष एका गोष्टीने वेधले. नाव बदलले, उपासना बदलली, तरी एक रोप अंगणात उभे असेल तर मनुष्याची जुनी नाळ तुटलेली नाही, हे त्या अधिकाऱ्यांनी नेमके ओळखले होते. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे संपले, तुळस राहिली. सोळाव्या शतकात ज्यांनी आपले मंगेश आणि शांतादुर्गा पालखीतून नदीपार अंत्रुज महालात नेले, त्यांनी नव्या भूमीतील फुलापानांनीच देवांची पूजा बांधली असली पाहिजे. देव बरोबर नेता येतात; रान बरोबर नेता येत नाही.

हीच अडचण आमच्या वाट्याला हैदराबादेत आली. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर या दगडी पठारावर जेमतेम आठशे. आई आमच्याकडे राहावयास आली त्या पहिल्या चतुर्थीला तिच्या आग्रहास्तव गावाहून माटोळीचे साहित्य मागविले. पेटी दोन दिवस उशिरा पोहोचली. उघडली तेव्हा करमळे तेवढी धड होती. बाकी सर्व काळे पडले होते. आई काही बोलली नाही, पण दिवसभर जेवलीही नाही.

संध्याकाळी शेजारच्या तेलुगू बाई हातात एक रंगविलेली लाकडी चौकट घेऊन आल्या. त्यांच्याकडे तिला पालवेल्ली म्हणतात. विनायक चवितीच्या दिवशी ती गणपतीवर टांगून आंब्याची पाने, मक्याची कणसे, कवठ, पेरू आणि डाळिंब बांधतात. पालवेल्ली म्हणजे दुधाचा ओघ. तेलुगूत आकाशगंगेलाही हेच नाव आहे. चौकट म्हणजे आकाश आणि फळे म्हणजे नक्षत्रे, असा त्यांचा भाव. आईने ती निरखून पाहिली आणि म्हणाली, “पुता, हें आमगेलें न्हय.” बाईंना कोकणी कळत नव्हते. त्या हसल्या, आणि पिशवीतून पत्री काढून एकेक नाव सांगू लागल्या: मारेडु, उत्तरेणी, जिल्लेडु, जम्मी, गरिक. आई प्रत्येक पान हाती घेऊन हळूच म्हणे: बेल, आघाडा, रुई, शमी, दूर्वा. एकवीस पत्रींची यादी दोन्ही घरांत बहुतांशी एकच निघाली.

त्या रात्री मला उमगले ते एवढेच, की माटोळी ही गोव्याची नसून जेथे आपण राहतो त्या भूमीची असते. डोक्यावर जे टांगायचे ते त्या मातीने त्या ऋतूत दिलेले असावे, हाच तिचा नियम. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले. राज्यांच्या सीमा माणसांनी हलविल्या, पण मक्याचे कणीस भाद्रपदात येते ते येतेच.

तेव्हापासून आमच्या घरी टोपल्या टांगण्याला एक निराळा अर्थ आला. सभेच्या ठरावाचा मान राखून त्या कठड्याबाहेर नव्हे, तर गॅलरीच्या आत, छतात पक्क्या बसविलेल्या कड्यांना टांगतो. पूजेतील नारळांचा काथ्या तारेच्या टोपलीत अस्तर म्हणून बसवावा. तांबडी माती, शेणखत आणि काथ्याचा भुसा सम प्रमाणात भरावा म्हणजे वजन आटोक्यात राहते. एका टोपलीत दूर्वा, दुसरीत मरवा, तिसरीत विष्णुक्रांता. ही निळ्या फुलांची पसरणारी वनस्पती दख्खनच्या कोरड्या माळावर आपोआप उगवते, म्हणून टोपलीच्या काठावरून सुंदर खाली उतरते. ज्येष्ठात तेरड्याचे बी टाकले की गौरीच्या वेळी फुले हमखास मिळतात. टोपलीला चहूबाजूंनी वारा लागतो, त्यामुळे ती कुंडीपेक्षा फार लवकर वाळते. वैशाखात ती सकाळी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवावी आणि निथळल्यावर टांगावी; खाली बशीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर डासांची वस्ती होते. कळलावीचा मोह आवरावा. तिचा कंद जहरी आहे, आणि रानातून तो उपटून आणला तर पुढील वर्षी तेथे फूल उरत नाही.

पालवेल्लीची ती चौकट आता वर्षभर गॅलरीतच असते. पाच लहान टोपल्या तिला लटकतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी टोपल्या उतरवून चौकट देवघरासमोर आणतो, आणि टोपल्यांतील दूर्वा, मरवा, तेरडा खुडून, कवठ व कणसांच्या जोडीने तिला बांधतो. गाठी मारण्याचे काम मुले करतात आणि पानांची नावे दोन्ही भाषांत म्हणतात.

गेल्या वर्षी सर्व बांधून झाल्यावर आई बराच वेळ वर पाहत बसली होती. मग मुलांना म्हणाली, “आतां आमगेलें जालें.”