घरातल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल: पेन ड्राइव्हशिवाय, इंटरनेटशिवाय आणि पासवर्ड न काढता

एका घरात आज दोन-तीन कॉम्प्युटर असणं नवलाचं राहिलेलं नाही. वडिलांचा जुना डेस्कटॉप, मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप, नोकरीवाल्याचा ऑफिसचा लॅपटॉप. सगळे एकाच राउटरच्या वाय-फायवर चालतात, पण एकाची फाइल दुसऱ्याला हवी असली की पेन ड्राइव्ह शोधायला सुरुवात होते, नाहीतर स्वतःच स्वतःला व्हॉट्सअ‍ॅप केलं जातं.

दोन्ही रस्त्यांना अडचणी आहेत. बरेच पेन ड्राइव्ह अजून फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, त्यामुळे लग्नाचा व्हिडिओ अर्ध्यात अडकतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा कमी होतो. शिवाय शेजारच्या खोलीत न्यायची फाइल आधी इंटरनेटवर चढते आणि मग परत खाली उतरते.

त्यापेक्षा सोपी सोय कॉम्प्युटरमध्ये आधीपासूनच असते. तिला 'फाइल शेअरिंग' म्हणतात. एका कॉम्प्युटरवरचं फोल्डर दुसऱ्यावर जसंच्या तसं उघडतं. पैसे लागत नाहीत, डेटा खर्च होत नाही, नेट बंद असलं तरी चालतं.

हे चालतं कसं

घरातला राउटर दोन कामं करतो. एक म्हणजे बाहेरचं इंटरनेट घरात आणणं, आणि दुसरं म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना एकमेकांशी जोडणं. प्रत्येक यंत्राला तो एक आयपी अ‍ॅड्रेस देतो. घरात तो बहुतेक वेळा १९२.१६८ ने सुरू होतो. हे पत्ते खाजगी असतात, थेट इंटरनेटवर चालत नाहीत.

या जाळ्यात फाइल मागण्या-देण्याची जी भाषा विंडोज वापरतं, तिचं नाव एसएमबी. आयबीएममध्ये १९८० च्या दशकात तिची सुरुवात झाली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. लिनक्सवर हीच भाषा 'सांबा' या मोफत सॉफ्टवेअरमुळे चालते. अ‍ॅपलनेही २०१३ च्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून मॅकमध्ये तिलाच पहिली पसंती दिली. म्हणून विंडोज, मॅक आणि लिनक्स एकमेकांच्या फाइली उघडू शकतात.

वेगाचा हिशोब असा. १०० एमबीपीएसच्या केबलवर सेकंदाला साधारण ११ एमबी जातात, म्हणजे ४ जीबीचा व्हिडिओ सहा मिनिटांत. दोन्ही बाजूंना गिगाबिट केबल आणि चांगली डिस्क असेल तर मिनिटाच्या आत. तीच फाइल २० एमबीपीएस अपलोड असलेल्या इंटरनेटवर नुसती चढवायलाच जवळपास २७ मिनिटं लागतात. वाय-फायवर भिंती आणि अंतर आड येतात, त्यामुळे मोठं काम असेल तर केबल बरी.

विंडोजवर मांडणी: चार पायऱ्या

ज्या कॉम्प्युटरवर फाइली आहेत, त्यावर हे करायचं.

१. नेटवर्क 'प्रायव्हेट' करा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग आपल्या वाय-फायच्या किंवा केबलच्या प्रॉपर्टीज. तिथे 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' असे दोन पर्याय दिसतात. पब्लिक असलं की विंडोज स्वतःला लपवून ठेवतं. घरच्या नेटवर्कपुरतं प्रायव्हेट करायचं. स्टेशन, हॉटेल, कॉलेज इथे मात्र पब्लिकच राहू द्यायचं.

२. शेअरिंग चालू करा. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्जमध्ये, प्रायव्हेट नेटवर्कखाली, 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन बटणं चालू करा. विंडोज १० मध्ये हे पान कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये सापडतं.

३. वेगळं अकाउंट काढा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स या वाटेने एक नवीन लोकल अकाउंट तयार करा. ईमेल मागितला तर 'मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय' हा पर्याय निवडा. नाव साधं ठेवा, पासवर्ड मात्र नक्की ठेवा. ही पायरी का, ते पुढे आहे.

४. एकच फोल्डर शेअर करा. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. यादीतून मघाचं नवीन अकाउंट निवडून जोडा. फक्त बघायला द्यायचं असेल तर 'रीड', बदलही करू द्यायचे असतील तर 'रीड/राइट'. अख्खी सी ड्राइव्ह कधीही शेअर करू नका.

आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोरर उघडा. वरच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश टाका, म्हणजे डावीकडे झुकलेल्या दोन तिरक्या रेघा. त्याला लागून पहिल्या कॉम्प्युटरचं नाव लिहा आणि एंटर दाबा. नाव-पासवर्ड विचारला की नवीन अकाउंटचा द्या. फोल्डर रोज लागत असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'मॅप नेटवर्क ड्राइव्ह' निवडा, मग ते दर वेळी ड्राइव्हसारखं समोर दिसेल.

मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, शेअरिंग इथे फाइल शेअरिंगचं बटण आहे. मॅकवरून दुसऱ्याचं फोल्डर उघडायला फाइंडरमधल्या 'गो' मेनूतून 'कनेक्ट टू सर्व्हर'. लिनक्सवर फोल्डर शेअर करायला सांबा बसवावं लागतं आणि त्याचा पासवर्ड वेगळा ठरवावा लागतो. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्येही 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर एसएमबी चालणारं फाइल मॅनेजर लागतं.

अडतं कुठे

सगळं नीट करूनही पहिल्या झटक्यात फोल्डर उघडेलच असं नाही. कारणं बहुधा ठरलेली असतात.

*पिन चालत नाही.* रोज चार आकडी पिन टाकून कॉम्प्युटर उघडणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. पिन फक्त त्याच यंत्रापुरती असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड कित्येकांना आठवतच नाही. म्हणून वर वेगळं लोकल अकाउंट काढायला सांगितलं.

*रिकामा पासवर्ड चालत नाही.* ज्या अकाउंटला पासवर्डच नाही, त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. ही नादुरुस्ती नव्हे, मुद्दाम ठेवलेली अट आहे.

*'संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे' असा संदेश येतो.* घरच्या लॅपटॉपवर संस्था कुठून आली, असा प्रश्न पडतो. अर्थ एवढाच की समोरचं यंत्र बिनपासवर्डाचा पाहुणा म्हणून आत घेऊ पाहतंय आणि आपलं विंडोज त्याला नकार देतंय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारातही ही अट आपोआप लागू आहे. कालपर्यंत उघडणारं फोल्डर अपडेटनंतर बंद पडलं, तर आधी हे कारण तपासा.

*कॉम्प्युटर दिसतच नाही.* एक जण राउटरच्या 'गेस्ट' वाय-फायवर आहे का, ते बघा. गेस्ट नेटवर्क बहुतेक राउटरांत यंत्रांना एकमेकांपासून वेगळं ठेवतं. दुसरं, समोरचा कॉम्प्युटर झोपलेला, म्हणजे स्लीपमध्ये नाही ना? तिसरं, नावाऐवजी आयपी अ‍ॅड्रेस टाकून पाहा. तो वाय-फायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'आयपीव्ही४' समोर लिहिलेला असतो. आकडे इंग्रजीच टाकायचे.

*नाव मराठीत आहे.* फाइलींना मराठी नावं दिली तर बिघडत नाही. पण कॉम्प्युटरचं आणि शेअर केलेल्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मोकळ्या जागेशिवाय ठेवा. दुसऱ्या यंत्रावर मराठी कीबोर्ड नसेल तर पत्ता टाइप कसा करणार?

पासवर्ड काढणं हा इलाज नव्हे

फोल्डर उघडेना की ओळखीतला कोणीतरी 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद कर, एव्हरीवन टाक, काम होईल' असा सल्ला देतो. कधी कधी 'एसएमबी १ चालू कर' हेही सांगितलं जातं. काम होतं, पण दार उघडं राहतं.

एसएमबीची पहिली आवृत्ती किती महागात पडू शकते, ते १२ मे २०१७ ला जगाने पाहिलं. 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर व्हायरस याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला. दीडशेच्या आसपास देशांत फाइली कुलूपबंद झाल्या, ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं. मायक्रोसॉफ्टने त्यावरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं, ते सापडले. त्यानंतर विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत एसएमबी १ मुळातच बसवलेलं नसतं. एखाद्या जुन्या राउटरच्या यूएसबी डिस्कसाठी ते परत चालू करण्यापेक्षा ती डिस्क थेट कॉम्प्युटरला लावणं परवडतं.

बिनपासवर्डाच्या फोल्डरचा धोका बाहेरच्यांपासूनच असतो असंही नाही. घरचा वाय-फाय पासवर्ड पाहुण्यांना, भाडेकरूला, शेजारच्या पोराला दिलेला असतो. 'एव्हरीवन'ला खुलं केलेलं फोल्डर त्या प्रत्येकाला खुलं असतं. त्यात आधार, पॅन, बँकेची पासबुकं, जमिनीचे उतारे असतील तर? पाहुण्यांना गेस्ट वाय-फाय आणि घरच्यांना पासवर्ड, ही विभागणी सोपी आणि पुरेशी आहे. राउटरमध्ये ४४५ क्रमांकाचं पोर्ट बाहेरून उघडायचं नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या डेस्कटॉपवर अजून तेच असेल आणि सुरक्षा अपडेट येत नसतील, तर महत्त्वाची फोल्डरं अपडेट येणाऱ्या यंत्रावर ठेवलेली बरी.

फाइल उघडली, पण अक्षरं भलतीच

सीमाभागातल्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत ही तक्रार नेहमीची आहे. बेळगाव-निपाणीकडे घरात एकाच फोल्डरमध्ये कन्नड उतारा, मराठी अर्ज आणि इंग्रजी दाखला असतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे जुनं टायपिंग अनेकदा कृतिदेवमध्ये केलेलं, तर डीटीपीवाल्याकडून आलेली पत्रिका श्रीलिपीत. अशी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो.

फाइल वाटेत खराब झालेली नसते. जुन्या फॉन्टांत मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. अशा वेळी फाइल 'सेव्ह' करून बदलू नका. जिथे ती नीट दिसते तिथूनच तिची पीडीएफ काढा आणि पीडीएफ शेअर करा. नवीन मजकूर मात्र यूनिकोडमध्येच टाइप करा. विंडोजमधला निर्मला यूआय हा यूनिकोड फॉन्ट मराठी, कन्नड, गुजराती, तेलुगू सगळ्यांना चालतो.

सर्वांत महत्त्वाचं: पुसलेलं परत येत नाही

आपल्याच कॉम्प्युटरवर फाइल पुसली की ती रिसायकल बिनमध्ये जाते. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून पुसली की ती तिथे जात नाही, थेट जाते. घरच्या फाइल शेअरिंगमधलं सर्वांत मोठं नुकसान याच एका गोष्टीने होतं. लहान मुलगा खेळता खेळता डिलीट दाबतो आणि आजीचे फोटो जातात.

म्हणून फोटो आणि कागदपत्रांच्या फोल्डरला 'रीड' एवढीच परवानगी द्या. देवाणघेवाणीसाठी 'रीड/राइट'चं एक वेगळं फोल्डर ठेवा, ज्यात मूळ प्रत कधीच नसेल.

आणि शेअर केलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे. फाइल एकाच डिस्कवर असते, फक्त दोन ठिकाणांहून दिसते. ती डिस्क गेली की दोन्हीकडून गेली. खंडणीखोर व्हायरस मॅप केलेल्या ड्राइव्हमधल्या फाइलीही कुलूपबंद करू शकतो. महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर प्रत काढा, आणि काम झालं की ती डिस्क काढून कपाटात ठेवा. तारेला न जोडलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोचत नाही.

काम संपल्यावर शेअर बंद करायला फोल्डरच्या शेअरिंगमध्ये जाऊन 'रिमूव्ह अ‍ॅक्सेस' करा. लॅपटॉप घराबाहेर रोज जात असेल तर ही सवय आणखी गरजेची.